पासची वेळ

आमच्या घरात ‘पास’ हा शब्द परीक्षेपेक्षा आकाशासाठी जास्त वापरला गेला. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे भाऊकाका, मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत होते. मे महिन्यात आठ दिवस ते गावी येत. पडवीत झोपाळ्यावर गप्पा रंगलेल्या असत, आजी फणसाचे गरे काढून ताटलीत ठेवत असे, आणि काका मध्येच मनगटाकडे बघून म्हणत, “आता पास सुरू झाला असेल.” मग पुढची दहा-पंधरा मिनिटं ते आमच्यात नसत. हातातला गरा हातातच राही. रोज आपल्या दारावरून जाणारं कोणी आज निघालंय आणि नेमके आपण दारात नाही, अशी काहीतरी ती रुखरुख असावी. हे मला आता, साठी ओलांडल्यावर समजतं. तेव्हा त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा.

आमचा जिल्हाही तेव्हा कुलाबाच होता. अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून आलेलं ते नाव १९८१ साली बदलून रायगड झालं. काका कुलाब्यात, आम्हीही कुलाब्यात, मग त्यांना घरी यायला बोट कशाला लागते, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. दोन कुलाब्यांचं एक नातं मात्र खरं आहे. मुंबईची वेधशाळा १८२६ सालची. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार, त्या प्रवाहाने चुंबकमापनाच्या नाजूक सुया ढळणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. पाऊसवाऱ्याचं काम मुंबईतच राहिलं. काका म्हणायचे, “सुई तुमच्याकडे, ढग आमच्याकडे.”

काकांना ढगांचं वेड का लागलं, त्याचं मूळ आजीच्या गोष्टीत आहे.

आजीचं माहेर रेवस बंदराच्या बाजूला. तिचा धाकटा भाऊ मुंबईत गिरणीत होता. १७ जुलै १९४७ ला गटारी अमावस्या होती आणि तो घरी येणार होता. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास बोट अर्ध्या तासात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी बुडण्याचं कधी बोलली नाही, तिने ते पाहिलं नव्हतं. तिच्या गोष्टीत फक्त रेवसचा धक्का असे. पाऊस तिरका मारतोय, बायका डोक्यावर इरली घेऊन उभ्या आहेत, आणि भोंगा ऐकू येत नाही. दहा वाजले, बारा वाजले, दुपार कलली. कुणी म्हणालं बोट सुटलीच नसेल, कुणी म्हणालं वाटेत थांबली असेल. “बाय, सांजेपर्यंत आम्ही नुसतं पाण्याकडे बघत होतो,” ती म्हणायची, “आणि पाणी काय सांगत नव्हतं.” ही गोष्ट ती इतक्या सपाट आवाजात सांगायची की ऐकणाऱ्यालाच उठून बाहेर जावंसं वाटे.

भाऊकाका त्या दिवशी सहा-सात वर्षांचे होते आणि तिचा पदर धरून तिथेच उभे होते.

मी मोठी झाल्यावर त्यांना एकदा विचारलं, तेव्हा उपग्रह असता तर मामाआजोबा वाचले असते का? ते लगेच म्हणाले, “नाही.” आणि मग सावकाश: “पावसाळ्यातला झोत आला, लाट उठली, माणसं एका बाजूला धावली. ती एक लाट आजच्याही उपग्रहाला दिसणार नाही. खोटं श्रेय घेऊ नये.” काकांचा हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्याच धाकात लिहिते आहे.

त्यांच्या मते अडचण वेगळी होती. त्या काळचा हवामानाचा नकाशा घेतला तर किनाऱ्यावर ठिकठिकाणी आकडे मांडलेले, आणि अरबी समुद्र कोरा. एखाद्या जहाजाने बिनतारी संदेश दिला तर तेवढ्या ठिकाणी वाऱ्याची एक काडी काढायची. पावसाळ्यात छोटी गलबतं बंदरात ओढून ठेवलेली, मोठी जहाजं ठरल्या वाटेने जाणार. म्हणजे जिथून पाऊस येतो, वादळ येतं, तिथलंच काही ठाऊक नाही. काका १९६४ साली वेधशाळेत लागले तेव्हा जुनी माणसं कोऱ्या भागात पेन्सिलीने रेघा ओढत आणि शेजारी प्रश्नचिन्ह घालत. “तुझी आजी धक्क्यावर बसली होती ना,” ते मला म्हणाले, “तसे आम्ही नकाशापुढे बसायचो.”

जगात इतरत्रही हीच स्थिती होती. १९५४ साली अमेरिकेत सोडलेल्या एका रॉकेटच्या कॅमेऱ्याने टेक्ससवर घोंघावणारं एक वादळ टिपलं, जमिनीवरच्या वेधशाळांना ज्याचा नीट पत्ता नव्हता. त्याच वर्षी हॅरी वेक्सलर या हवामानशास्त्रज्ञाने एका चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं होतं, हजारो मैलांवरून पृथ्वी आणि तिच्यावरचे ढग कसे दिसतील याचं. तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. हा माणूस दहा वर्षांपूर्वी विमानातून चक्रीवादळाच्या पोटात शिरून आला होता. आत काय असतं ते पाहिलेल्या माणसाला वरून बघावंसं वाटलं, हे मला अगदी समजतं.

वरून बघणं सुरू झालं १ एप्रिल १९६० ला. टायरॉस-१, वजन सव्वाशे किलोच्या आत, दोन छोटे टेलिव्हिजन कॅमेरे. तो अठ्ठ्याहत्तर दिवस चालला आणि त्याने तेवीस हजारांच्या आसपास चित्रं पाठवली. पण तो भोवऱ्यासारखा गरगरत असे आणि भोवऱ्याचा आस अवकाशात एकाच दिशेला रोखलेला, त्यामुळे प्रत्येक फेरीत काही काळच कॅमेरा पृथ्वीकडे. शिवाय कक्षा अशी की विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना अठ्ठेचाळीस अंशांपलीकडे जायचंच नाही. १९६५ च्या जानेवारीत टायरॉस-९ ला आडवा पाडला. बैलगाडीचं चाक रस्त्यावरून जावं तसा तो कक्षेतून घरंगळत चालला, कॅमेरे चाकाच्या धावेवर, दर फेऱ्याला एकदा खाली पृथ्वी. आणि त्याची वाट होती ध्रुवावरून ध्रुवावर. तो वरून खाली जातो, तोवर पृथ्वी त्याच्याखाली पूर्वेला सरकते, आणि दिवसभरात सगळा गोल त्याच्या नजरेखालून जातो. ध्रुवीय उपग्रहाचं मर्म एवढंच. तो स्वतः एकाच वाटेने चालतो, जग त्याच्याखालून फिरतं.

हे सगळं कुलाब्यापर्यंत आलं ते हिंद महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेमुळे. १९६३ साली कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं, हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज त्याचे प्रमुख. संशोधनाची विमानं मुंबईहून ऐन पावसाळ्यात समुद्रावर जात होती. त्या वेधांतून आपल्या किनाऱ्याचं एक गुपित उघडलं. उत्तर कोकणात आणि गुजरातेत कधीकधी दिवसचे दिवस पाऊस कोसळतो तेव्हा खाली समुद्रावर वादळाची फारशी खूण नसते. भोवरा असतो वर, तीन ते सहा किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात. मिलर आणि केशवमूर्ती यांनी १९६३ च्या पावसाळ्यातल्या अशा एका प्रणालीचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. काकांनी गावी येऊन हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, “मग मी काय म्हणत होते? वारा पडलाय आणि पाऊस थांबत नाही, म्हणजे वरती कायतरी चाललंय.” काकांनी हे वाक्य आपल्या डायरीत उतरवून घेतलं. ते मी स्वतः वाचलंय.

याच मोहिमेच्या निमित्ताने कुलाब्याला उपग्रहाची चित्रं थेट घेण्याची सोय झाली. १९६३ च्या डिसेंबरात सुटलेल्या टायरॉस-८ वर एक नवी युक्ती होती. चित्र टेपवर साठवून अमेरिकेतल्या केंद्रावर उतरवण्याऐवजी तो घेतल्या घेतल्या खाली सोडायचा. खाली ज्याच्याकडे अँटेना असेल त्याने ते घ्यावं. परवाना नाही, पैसे नाहीत. ज्या काळात दोन महासत्ता एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या होत्या, त्या काळात आकाशातून ढगांची चित्रं कोणालाही फुकट मिळत होती, ही गोष्ट आज जास्तच आठवण्याजोगी वाटते.

काका नवखे, रेडिओच्या कामावरचे. त्यांच्या तोंडून ऐकलेला तो दिनक्रम मला पाठ आहे. टेलिप्रिंटरवर आकड्यांचा संदेश यायचा, उपग्रह विषुववृत्त कुठे आणि कधी ओलांडणार याचा. तक्त्यावर ती वाट आखायची. त्यावरून मिनिटामिनिटाला अँटेना कोणत्या दिशेला आणि किती उंच रोखायची याची यादी करायची. अँटेना म्हणजे स्प्रिंगसारख्या पिळाची. एकजण घड्याळ बघून आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा तशी ती फिरवणार. उपग्रह क्षितिजावर आला की आधी नुसती खरखर, मग तिच्यातून एक सूर वर येतो. सूर धरला की कागदावर रेघ उमटायला लागते. एका चित्राच्या आठशे रेघा, साडेतीन मिनिटं. एका पासात, म्हणजे उपग्रहाच्या एका खेपेत, दोन चित्रं, फार तर तीन. चुकलं तर ती पृथ्वी तशी पुन्हा दिसणार नाही. उद्याचा ढग वेगळा.

२८ फेब्रुवारी १९६६ ला एसा-२ हा उपग्रह वर गेला आणि तेव्हापासून हे रोजचं झालं. तो चौदाशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून जायचा. काकांनी स्वतः धरलेलं पहिलं चित्र त्या मार्चमधलं. समुद्रावर ढग नव्हते. कागदावर काळपट पसारा आणि एका कडेला फिकट वळण बघून त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. शेजारचे वयस्क सहकारी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “हा काठेवाड. हे खंबायत. म्हणजे हा आपला किनारा.” त्या काळी चित्रावर अक्षांश-रेखांशाची जाळी हाताने जुळवावी लागे. पारदर्शक कागद सरकवत सरकवत त्यांनी मुंबई बसवली आणि काका रेवस शोधू लागले. हजारो किलोमीटरचा मुलूख त्या चौकोनात होता. रेवस, मांडवा, तो खडक, ते पाणी, सगळं एका रेघेच्या जाडीत गेलेलं. “मी त्या रेघेवर बोट ठेवून उभा राहिलो,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

भूगोलाची शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं एक प्रयोग करून दाखवला. तो माझा नाही, आमच्या पडवीतला आहे. वीज गेलेली होती. काकांनी कंदील मध्ये ठेवला, तो सूर्य. सोललेला नारळ हातात, ती पृथ्वी. नारळाभोवती सुतळीचं सैल कडं, ती उपग्रहाची वाट. “आता मी कंदिलाभोवती फिरतो, बघ. सुतळीचं तोंड भिंतीकडे आहे ते भिंतीकडेच राहतं. म्हणजे आज जो उपग्रह दुपारी येतो, तो तीन महिन्यांनी सकाळी येईल. मग कालच्या चित्राशी आजचं ताडून कसं बघायचं? सावल्या बदलल्या.” मग त्यांनी नारळाच्या मध्यावर अंगठा फिरवला. पृथ्वी कमरेला थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्याची ओढ तिरप्या जाणाऱ्या उपग्रहाच्या कक्षेला हळूहळू वळवते. कक्षा ध्रुवांच्या अगदी वरून न नेता आठ-नऊ अंश कलती ठेवली, तर हे वळणं दिवसाला जवळजवळ एक अंश होतं, वर्षाला बरोबर एक पूर्ण फेरा. पृथ्वीही सूर्याभोवती तेवढंच फिरते. म्हणून तो रोज त्याच स्थानिक वेळेला येतो, पोस्टमनसारखा. पृथ्वी जर निखळ गोल असती तर हे जमलं नसतं. काका सुतळी बोटभर वळवत कंदिलाभोवती चालत होते, त्यांची सावली भिंतभर फिरत होती, आणि आजी म्हणाली, “नारळ खाली पाडू नको, उद्या सोलकढीला लागेल.”

पुढच्या उपग्रहांची उंची साधारण साडेआठशे किलोमीटरवर आली. एका फेरीला सुमारे एकशे दोन मिनिटं, दिवसाला चौदा फेऱ्या. एक फेरी होईतो पृथ्वी पंचवीस अंश सरकलेली असते, म्हणून आत्ता आपल्यावरून गेलेला पुढच्या खेपेला अरबस्तानावरून जातो. भूस्थिर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर एका जागी बसून अखंड पाहतात. आपला इन्सॅट तसा. टीव्हीवर ढग सरकताना दिसतात ते त्यांचे. पण दूर बसलेल्याला बारकावा कमी दिसतो, आणि काही मापं जवळून गेल्याशिवाय घेताच येत नाहीत.

ती मापं म्हणजे या गोष्टीचा गाभा. काकांना मात्र सुरुवातीला ती पटली नव्हती. सत्तरच्या दशकात त्यांची बदली पुण्याला झाली. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. तिथे चित्रांऐवजी आकड्यांचे कागद येऊ लागले होते. लुइस कॅप्लन या शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलं होतं की हवेतले वायू जी उष्णता बाहेर टाकतात ती निरनिराळ्या तरंगलांबींवर मोजली, तर वेगवेगळ्या उंचीचं तापमान वरूनच काढता येईल. १४ एप्रिल १९६९ ला सुटलेल्या निम्बस-३ ने ते करून दाखवलं. फुगा न सोडता, थर्मामीटर न लावता, जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचं तापमान.

मला हे कळेना, तेव्हा काकांनी वाड्याची उपमा दिली. लग्नघराच्या दारात डोळे मिटून उभी राहा. ओसरीवर मोठ्याने बोलणारे आहेत, माजघरात बायका गाणी म्हणतायत, मागे स्वयंपाकघरात भांडी वाजतायत. सगळ्यांची पट्टी वेगळी. एका पट्टीत कान दिलास तर ओसरी ऐकू येते, दुसरीत दिलास तर थेट मागचं दार. हवेतला प्राणवायू पन्नास ते साठ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सूक्ष्मलहरी सोडतो. पट्टीच्या ऐन मध्यावर कान लावला तर फक्त वरचे थर ऐकू येतात, कारण खालचा आवाज वाटेतच शोषला जातो. थोडं कडेला सरकलं की खालचे. पाण्याच्या वाफेची अशीच एक पट्टी १८३ गिगाहर्ट्झला. आणि सूक्ष्मलहरींना ढगांचा फारसा अडथळा नसतो. कॅमेरा ज्या पांढऱ्या पिंजलेल्या कापसापुढे थांबतो, त्याच्या आत जाऊन हे यंत्र वादळाच्या मधोमध असलेली ऊब मोजतं. आज संगणकावरचे जगाचे अंदाज जे काही सुधारले आहेत त्यात या न दिसणाऱ्या आकड्यांचा वाटा फार मोठा आहे.

मोजण्याच्या शिस्तीबद्दल काका हळवे होते. पुण्यात अण्णा मणी यांनी हवामानाची उपकरणं इथेच बनवायला लावली, आणि चुकीच्या मापापेक्षा माप नसलेलं बरं हा त्यांचा आग्रह त्या विभागात पुढेही बोलला जाई. १९७८ साली टायरॉस-एन वर गेलेलं एव्हीएचआरआर हे यंत्र काकांना आवडायचं ते याच कारणाने. त्यातला आरसा मिनिटाला तीनशे साठ वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात पृथ्वी बघून झाली की एकदा रिकाम्या थंड अवकाशाकडे आणि एकदा आपल्याच पोटातल्या, तापमान माहीत असलेल्या काळ्या पत्र्याकडे बघतो. मोजलं, आणि मोजपट्टी तपासली. प्रत्येक रेघेला.

याच यंत्राने समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मिळालं, आणि त्यातून आमच्या बंदरावर एक फळा आला. थंड आणि उबदार पाणी जिथे भिडतं तिथे खाणं साठतं, मासळी जमते. उपग्रहाचं तापमान आणि पुढे पाण्याचा रंग यांवरून मासळीचे संभाव्य पट्टे काढून ते कोळ्यांना कळवायचे, हे काम देशात नव्वदच्या दशकापासून चालू आहे, आता ते हैदराबादचं इन्कॉइस करतं. माझे मोठे मामा तांडेल होते. त्यांनी पहिल्या वर्षी फळा वाचलाच नाही. दुसऱ्या वर्षी वाचून विरुद्ध दिशेला गेले. तिसऱ्या वर्षी काकांना विचारलं, “तुमचा तो वरचा, पाण्याला हात लावल्याशिवाय ऊन-गार कसं ओळखतो?” काका म्हणाले, “चुलीवरचा तवा तापलाय हे तुम्ही हात लावून बघता का?” मामांना ते पटलं.

पण चित्र आलं म्हणजे निरोप पोचला असं होत नाही, हे काकांनी फार आधी पाहिलं होतं. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरातलं भोला वादळ उपग्रहाने पाहिलेलं होतं. तरी पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर निदान तीन लाख माणसं एका रात्रीत गेली. काका त्या आठवड्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. कागद एका टेबलावर असतो, माणसं बेटावर असतात, आणि मधे रात्र असते, असं ते म्हणत.

ती मधली रात्र आमच्या घरी आली २००९ साली. २३ सप्टेंबरला इस्रोने ओशनसॅट-२ सोडला होता. सातशे वीस किलोमीटरवरून, ध्रुवीय कक्षेतून, समुद्रावरचा वारा मोजणारं यंत्र त्यावर होतं. ते रडारचे ठोके पाण्यावर टाकतं. वारा पाण्यावर ज्या बोटभर सुरकुत्या उठवतो त्यांवरून ठोका परत येतो, आणि तो किती जोरात, कुठल्या बाजूने परत आला यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. पाण्याची कातडी बघून वारा सांगणं हे त्यांचं रोजचंच होतं. आणि सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं. बंदरावर बावटा लागला होता. पण माझा मामेभाऊ तीन दिवसांपूर्वीच खोल समुद्रात गेला होता. बावटा किनाऱ्यावरच्यांना दिसतो. त्या दोन दिवसांत मामी धक्क्यावर जाऊन बसली आणि मी तिच्याजवळ बसले. आजी गेलेली होती, पण मला सारखं वाटत होतं की ती आमच्या मागे उभी आहे. आमचा परत आला. किनाऱ्यावरच्या सगळ्यांचे आले नाहीत.

निवृत्तीनंतर काका गावी आले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्यासाठी गच्चीवर अँटेना करून दिली. ॲल्युमिनिअमच्या दोन कांड्या, प्रत्येकी त्रेपन्न सेंटिमीटर, इंग्रजी व्ही सारख्या फाकवलेल्या, आणि लॅपटॉपला लावायचं अंगठ्याएवढं एक यंत्र. १९६४ साली एक खोली लागत होती ते सगळं आता त्या अंगठ्यात. नोआ-१५, १८ आणि १९ हे तीन जुने उपग्रह अजून त्या जुन्या पद्धतीने, १३७ मेगाहर्ट्झवर, कोणालाही चित्र देत होते. सेकंदाला दोन रेघा. ऐकायला लंबकाच्या घड्याळासारखं, टिक-टॉक, टिक-टॉक, आणि मागे एक बारीक सूर. नोआ-१५ काकांचा लाडका. मे १९९८ मधला तो, ढगांतून ऐकणारं नवं सूक्ष्मलहरी यंत्र पहिल्यांदा नेलेला. आरसा फिरवणारी त्याची मोटर मधूनमधून अडकायची, चित्र फाटल्यासारखं यायचं, आणि काही दिवसांनी आपोआप सुधारायचं. “म्हातारा आहे,” काका म्हणत, “गुडघे धरतात.”

२०२० च्या जूनमध्ये टाळेबंदी होती आणि निसर्ग वादळ येत होतं. २ तारखेच्या संध्याकाळी काकांनी पास धरला. रेघारेघांनी पांढरं चक्र उतरत आलं. किनाऱ्याची फिकट रेघ त्याच्या कडेखाली जात होती. ऐंशी वर्षांच्या माणसाने पडद्यावर त्या रेघेवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चल, खालच्या आळीतल्यांना शाळेत नेऊ.” सरकारी माणसं सकाळपासून तेच सांगत होती. काकांनी दारोदार जाऊन एकेकाला हाताला धरून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. आमची कौलं गेली, सुपारीची बाग अर्धी आडवी झाली. आळीतली माणसं सगळी शाळेत होती.

२०२५ च्या जूनमध्ये नोआ-१८ बंद झाला. ऑगस्टमध्ये आधी १९ आणि आठवडाभरात १५. त्यांची कामं नवे उपग्रह कधीच करू लागले आहेत. नोआ-२० आणि २१, युरोपचे मेटऑप, आपला ओशनसॅट-३. त्यांतले काही इतके तीक्ष्ण की अमावस्येच्या रात्री समुद्रावर दिवे लावून मासे धरणाऱ्या बोटी त्यांना वरून दिसतात. त्यांची चित्रं धरायला मात्र दोन कांड्या पुरत नाहीत.

नोआ-१५ बंद झाला म्हणजे पडला असं नाही. एवढ्या उंचीवर तो पुढे शेकडो वर्षं फिरत राहणार, मुका. त्यामुळे त्याची वेळ अजून काढता येते, आणि मी ती काढून दिली. संध्याकाळी सात वाजून नऊ. पाऊस होता. गच्चीवरच्या ताडपत्रीखाली खुर्ची ठेवून काकांना वर नेलं. लॅपटॉप लावला. सात-नऊ झाले. नुसती खरखर. काकांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे, मिनिटामिनिटाला थोडा थोडा, अँटेना फिरवावी तसा सरकत गेला. मी मध्ये बोलले नाही. बारा मिनिटांनी त्यांनी हात खाली घेतला, डायरी मागितली, तारीख घातली, आणि लिहिलं: नोआ-१५. ७.०९. आवाज नाही.

मग पान उलटून, पेन तसंच धरून, ते म्हणाले, “सकाळचा किती वाजता आहे?”